खटका पडायचा थांबला तेव्हा

मी जन्माची भित्री. माझं माहेर तळेघरचं. माझ्या लहानपणी तिथे लाइट होती म्हणायची, पण ती मनात येईल तेव्हा यायची आणि पावसाळ्यात तर तोंडच दाखवायची नाही. आली तरी माझे वडील बटणाला हात लावत नसत. लाटण्याच्या टोकाने बटण दाबायचे. ओल्या भिंतीत करंट उतरतो, हे त्यांनी कुठेतरी डोळ्यांनी पाहिलं होतं. काय पाहिलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, आणि म्हणूनच आम्हा भावंडांना त्याची जास्त भीती वाटायची.

लग्न होऊन बोरी बुद्रुकला आले तर इथे सगळी बागायत, घरात फ्रिज, मिक्सर, विहिरीवर मोटर, आणि मी आपली लाटणं घेऊन बटणं दाबत फिरणारी. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई पोट धरून हसल्या होत्या. "तळेघरची सून आणली, लाटण्यानं दिवा लावती," हे त्यांनी अख्ख्या आळीला सांगितलं. मला राग आला होता, पण लाटणं काही मी सोडलं नाही. आजही ते फ्रिजवर आडवं ठेवलेलं असतं.

बाहेरून आलेला पाहुणा आम्हाला हमखास विचारतो, उसात बिबट्या असतो, तुम्हाला भीती वाटत नाही का? वाटते ना. पण बिबट्या आला तर कुत्री भुंकतात, शेळ्या ओरडतात, बॅटरी मारली तर डोळे चमकतात. करंटचं तसं काही नाही. तो घरातच असतो आणि असून दिसत नाही.

आमच्या घरी ओव्हन आला तो आत्याबाईंसाठी. दिवाळीच्या आधी आमच्याकडच्या बायका मैदा, तूप, पिठीसाखर डब्यात भरून बेकरीवर न्यायच्या. तिथे मोठ्या भट्टीत नानकटाई भाजून मिळायची. आपल्याच तुपाची नानकटाई आपल्याच डब्यात पडते ना, यावर नजर ठेवून तासन्‌तास बसायचं. नानकटाई करण्यात आत्याबाईंचा हात कोणी धरत नसे. मग त्या बेकरीवाल्याने घरचं पीठ घेणं बंद केलं, आणि आत्याबाई दिवाळीला अशा हिरमुसल्या की माझ्या नवऱ्याने पुढच्या वर्षी विजेवरचा मोठा ओव्हन आणून ओट्यावर ठेवला. सत्तरीला टेकलेली बाई पंधरवड्यात ते यंत्र शिकली. माझ्या माहेरच्या नाचणीची नानकटाई करायला लागली. हळूहळू आळीतल्या बायका आपापले डबे घेऊन आमच्याकडे यायला लागल्या. जन्मभर दुसऱ्याच्या भट्टीपुढे ताटकळलेल्या आत्याबाईंच्या भट्टीपुढे आता बायका बसायच्या. त्यांच्या चालण्यातच फरक पडला होता.

पावसाळाभर ओव्हन माळ्यावर पोत्यात गुंडाळून असायचा. त्या वर्षी दसऱ्यानंतर तो खाली काढला, पुसला, नानकटाईचा पहिला पत्रा आत सरकवला आणि मी लाटण्याने बटण दाबलं. थोडा वेळ गेला आणि दाराशेजारच्या पेटीत खटका पडला. खट्‌. सगळं घर बंद. पंखा थांबला, फ्रिजची घरघर थांबली. माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं.

"लोड झाला आसंल," आत्याबाई म्हणाल्या. "फ्रिज बंद कर."

फ्रिज बंद केला, मिक्सरची पिन काढली, टीव्हीची काढली, देवघरातला बल्बसुद्धा विझवला. एकटा ओव्हन चालू केला. पुन्हा खट्‌. खटका वर करायचा म्हणजे पेटीसमोर उभं राहायचं, आणि पेटीसमोर उभं राहिलं की माझ्या तळहातांना घाम यायचा. घामेजल्या हाताने खटका वर कसा करायचा, या विचाराने आणखी घाम यायचा. शेवटी पदराला हात पुसून, लाटण्याने खटका वर ढकलून, मी दोन पावलं मागे उडी मारायची. आत्याबाई बघत होत्या, पण त्या दिवशी त्या हसल्या नाहीत. पत्र्यावरची नानकटाई कच्ची राहून बसली होती.

मी वायरमनला फोन लावला. तो आमच्याच गावचा, पण त्या दिवसांत सगळ्यांच्या मोटरी जळत होत्या आणि तो शिवारातून घरी यायला तयार नव्हता. फोनवरच म्हणाला, "वहिनी, पेटीत दोन खटके हायेत. एकाला बारकं टेस्टचं बटण हाय. त्यो पडतोय का दुसरा?"

मी पेटीत लांबूनच डोकावले. "बटणवाला."

"मग लोड न्हाई. लीकेज हाय. करंट ओव्हनच्या अंगावर उतरतोय. हिरव्या वायरीनं त्यो जमिनीत जातोय, म्हणून खटका पडतोय. पडू द्या त्याला, त्यो तुमचा जीव वाचवतोय."

अंगावर उतरतोय. तो यंत्राच्या अंगाबद्दल बोलत होता, पण मला माझ्याच अंगावर काहीतरी सरपटल्यासारखं वाटलं. त्याने सांगितलं की ओव्हनला तापणारे दोन रॉड असतात, वरचा आणि खालचा, त्यातला कुठला बिघडलाय ते बघा. मी बघितलं. भीत भीत, पण बघितलं. पुढचं गोल बटण फिरवून फक्त वरचा रॉड लावला, तर ओव्हन गुमान तापला. फक्त खालचा लावला, तर क्षणात खट्‌. बंद करून, पिन काढून, गार झाल्यावर बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर खालच्या रॉडला एका जागी बारीक चीर गेली होती आणि तिच्यावर साखरेचा जळका थर बसला होता. मला एवढा आनंद झाला की मी आत्याबाईंना हाक मारून ती चीर दाखवली. दोष सापडला म्हटल्यावर निम्मी भीती जाते. वायरमन म्हणाला, रॉड पुण्याहून मागवतो, तोवर ओव्हन लावू नका.

आत्याबाईंचा चेहरा पडला. बायकांचे डबे येऊन ओळीने मांडून ठेवलेले होते.

आता माझ्या नवऱ्याविषयी सांगायला हवं. माणूस सोन्यासारखा, पण विजेशी त्याचं नातं शेतातलं. शेतात मोटरचा स्टार्टर सारखा पडतो. एखादी फेज गेली की पडतो, दाब कमी झाला की पडतो. लाइट मोजकी, पिकाला पाणी तर द्यायचंच. मग आमच्याकडचे शेतकरी स्टार्टरच्या बटणात उसाची कांडी नाहीतर लाकडाची पाचर ठोकतात. पड म्हटलं तरी तो पडत नाही. तेही जमलं नाही, तर स्टार्टर बाजूला ठेवून वायरी सरळ एकमेकींना जोडतात. याला म्हणतात 'डायरेक्ट करणं'. ज्याला डायरेक्ट करता येतं त्याला शिवारात मान असतो, आणि माझ्या नवऱ्याला चांगलाच मान होता. पडणारी वस्तू म्हणजे आडमुठी वस्तू, तिला सरळ करायची, एवढंच त्याचं शास्त्र.

मी त्याला वायरमनचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मोटरीवर आमाला रोज चुणचुण बसती. मेलो का?"

त्यानंतर मी नाचणी आणायला माहेरी गेले. तळेघरला जायचं म्हणजे एसटीच्या भरवशावर, गेलं की दोन-चार दिवस मोडतातच. परत आले तर घरभर भाजक्या तुपाचा वास. ओव्हन चालू, वरचा रॉड लाल, खालचा लाल, आणि खटका जागच्या जागी.

"रॉड आला का?" मी विचारलं.

"केलं की काम," नवरा म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

आत्याबाई डबे भरत होत्या. मी थकलेली होते. पेटीकडे पाहिलं, खटका वर होता. दोन दिवस घरात खट्‌ असा आवाज झाला नाही आणि मला गाढ झोप लागली.

आत्याबाई मात्र गप्प गप्प होत्या. एरवी भाजताना त्यांचं तोंड चालू असतं, या डब्यात तूप कमी, त्या डब्यात मैदा जुना. आता त्या अधूनमधून उजवा हात डाव्या हाताने चोळत बसायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "काय न्हाई गं." नंतर दिवाळीची साफसफाई काढली त्या दिवशी सकाळी, मी मागच्या दारी भांडी घासत असताना त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी आधीच स्वयंपाकघर बादल्यांनी धुऊन काढलं होतं. त्यांचे पाय ओले होते. आवाज एकदम बारीक करून म्हणाल्या, "पोरी, माज्या हाताला मुंग्या येत्यात. कोपरापत्तूर. माज्या आईला आसंच झालं व्हतं आदी."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. त्यांच्या आईला लकवा झाला होता. बरीच वर्षं अंथरुणात काढली होती तिने, आणि आत्याबाईंनी ती सगळी सेवा केलेली होती. त्यांना मरणाची भीती नव्हती, हे मला ठाऊक आहे. त्यांना भीती होती ती कुणीतरी आपल्याला कुशीवर वळवण्याची. "पोराला सांगू नको," त्या म्हणाल्या. "दिवाळी हून जाऊ दी. मग दवाखान्यात जाऊ."

धीर द्यायचा म्हणून मी नुसतं विचारत गेले. "धार काढताना येतात का?"

"न्हाई."

"भाकरी थापताना?"

"तवा न्हाई."

"झोपल्यावर?"

"न्हाई बा."

विचारता विचारताच मला काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं. फ्रिज बंद, मिक्सर बंद, टीव्ही बंद. एकेक काढून टाकत जायचं. हेच मी ओव्हनला केलं होतं.

"मग कधी येतात, आत्याबाई?"

"सकाळचंच. नानकटाईचा पत्रा काढताना. फडक्यातनं हात बाहेर गेला की..."

तेवढ्यात आतून ओव्हनची घंटी वाजली. टिंग. पत्रा तयार झाल्याची नुसती घंटी, ओव्हन हातानेच बंद करावा लागतो. साफसफाईच्या गडबडीतसुद्धा त्यांनी एक पत्रा लावून ठेवला होता. घंटी वाजली की आत्याबाई थांबत नाहीत, नानकटाई करपते. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या.

मला सगळं एकदम कळलं. आमच्या स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही. चुलीच्या जागी कुणी पायताण घालून शिरलं, तर आत्याबाई पाव्हण्यालाही बाहेर काढतील. त्यांचे पाय अनवाणी, पाय ओले, फरशीवर पाणी, आणि ओट्यावर तो ओव्हन. बादल्यांनी धुतलेली फरशी आज पहिल्यांदाच होती. रोज नुसत्या मुंग्या यायच्या. आज काय येणार होतं?

मी दारात पोचले तेव्हा त्यांचा हात ओव्हनपासून वीतभर लांब होता. फडकं त्यांनी खांद्यावर टाकलेलं होतं. आधी मला वाटलं धावत जाऊन त्यांना मागे ओढावं. पण वडिलांनी एवढं मात्र शिकवलं होतं, की करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही. मी पुढे गेले आणि तोवर त्यांचा हात टेकला, तर आम्ही दोघी जाणार. मी उंबऱ्यावरच थांबले. सख्ख्या आईइतकी जवळची बाई हाताच्या अंतरावर मरणाकडे हात नेतेय आणि आपण पाऊल पुढे टाकायचं नाही, असला तो क्षण. वैऱ्यावरही येऊ नये.

मी किंचाळले. काय किंचाळले ते मला आठवत नाही. आत्याबाई म्हणतात, मी त्यांना म्हातारे म्हणाले. आमच्या घरात सुनेने आवाज चढवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. त्या जागच्या जागी गोठल्या आणि मान वळवून माझ्याकडे बघत राहिल्या. हात तसाच हवेत.

"मागं या. कशाला हात लावू नका. मागं या."

त्या आल्या. त्या माझ्या अंगाला टेकल्या तेव्हा मी त्यांना एवढं घट्ट धरलं, की त्यांच्या बांगड्या माझ्या दंडात रुतल्या. मग फ्रिजवरचं लाटणं घेतलं आणि भिंतीवरचं बटण शोधायला लागले. नेहमीच्या बटणाजवळ ओव्हनची पिन नव्हतीच. फ्रिजच्या मागून एक नवीन बोर्ड आलेला होता, आणि त्या बोर्डाला पेटीच्या अलीकडून, खटक्याला वळसा घालून, सरळ मीटरपासून वायरी ओढलेल्या होत्या. लाल आणि काळी. दोनच. हिरवी नव्हती. मी बोर्डाचं बटण लाटण्याने पाडलं, तेव्हा नानकटाई करपल्याचा वास यायला लागला होता.

नवरा गोठ्यातून धावत आला. मी त्या दोन वायरींकडे बोट दाखवलं.

"आगं, खटका पडत व्हता म्हणून जरा डायरेक्ट..." तो म्हणाला. "आईची नानकटाई अडून राहिली व्हती."

"हिरवी वायर?"

"मोटरीला कुटं हिरवी आसती? ती काय कामाची न्हाई."

"टेस्टर आणा," मी म्हणाले.

त्याने उंबऱ्याजवळ पाय पुसून, पायात चप्पल घालून, बटण चालू केलं आणि टेस्टरचं टोक ओव्हनच्या बाहेरच्या पत्र्याला लावलं. ज्या पत्र्याला त्याची आई रोज हात लावायची त्याच पत्र्याला. टेस्टरमधला दिवा लाल झाला. चांगला भरघोस लाल. त्याने टोक काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा लाल. मग बटण बंद केलं, पिन उपटली आणि तो तिथेच ओल्या फरशीवर खाली बसला. स्वयंपाकघरात चप्पल घालून बसलाय, हे त्यालाही कळलं नाही आणि त्याच्या आईलाही नाही.

आत्याबाईंना काय झालं ते कळायला थोडा वेळ लागला. मी समजावून सांगितलं, मुंग्या म्हणजे करंट होता. हात फडक्यात असायचा, फरशी कोरडी असायची, म्हणून थोडक्यात निभावलं. आज पाणी होतं. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा उजळत चालला होता. मला वाटलं यांना भीतीने काही सुचत नाही की काय.

"म्हंजी लकवा न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"हात चांगला हाय माजा?"

"चांगला आहे."

त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली, आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. सुटल्यासारख्या रडल्या त्या. आणि मी शेजारी बसलेली. एकाच गोष्टीने त्यांची भीती गेली आणि माझी कायमची घरात राहायला आली. कुणी खोटं म्हणेल, पण त्या घडीला मला त्यांचा हेवा वाटला.

वायरमनला त्याच दिवशी शिवारातून ओढून आणलं. तो नवऱ्याला काही बोलला नाही. त्याच्या स्वतःच्या मोटरीवरही पाचर असणार, अशी मला शंका आहे. दोन्ही वायरी काढल्या, नवा बोर्ड काढला. पुढे रॉड आला, तो बसवला, हिरवी वायर तपासली. बटणवाल्या खटक्याचं ते बारकं बटण मी आता सकाळी उठल्यावर लाटण्याने दाबून बघते. खट्‌ होऊन सगळं घर बंद पडतं, पोरं वैतागतात, नवरा गुमान उठून खटका वर करतो. ज्या आवाजाने माझ्या हातातलं लाटणं पडलं होतं, तो ऐकल्याशिवाय आता माझा दिवस सुरू होत नाही.

चपलेचा प्रश्न तेवढा राहिला. रबराच्या नव्याकोऱ्या चपला आणून, धुऊन, खास स्वयंपाकघरासाठी ठेवल्या. आत्याबाईंनी त्यांना शिवलंसुद्धा नाही. शेवटी मी जेवायचा लाकडी पाट ओव्हनसमोर टाकला. म्हटलं, पाटावर उभ्या राहून भाजा, लाकडातून करंट जात नाही. पाट स्वयंपाकघरातलाच, त्याला त्यांची हरकत नव्हती. चपलेचं भांडण मिटलं असं मी समजले.

नव्या रॉडवर पहिला पत्रा लावायचा होता. मी पाट टाकला, ओव्हन लाटण्याने चालू केला आणि बाजूला झाले. आत्याबाईंनी माझं मनगट धरलं आणि मलाच पाटावर उभं केलं.

"तू वर ऱ्हा," त्या म्हणाल्या.

त्या खाली होत्या. फरशीवर, अनवाणी. त्यांनी उजवा हात पालथा केला आणि ओव्हनच्या बाहेरच्या पत्र्याकडे नेला. हात टेकला. त्यांनी तो तसाच ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, हाताकडे बघायची माझी हिंमत नव्हती.

"काय न्हाई," त्या म्हणाल्या. "आता लाव तू हात."

"आत्याबाई, आपल्याकडे टेस्टर आहे. हे काय करताय?"

"त्या टेस्टरचं मला काय कळत न्हाई. मुंग्यांचं कळतंय." त्यांनी नानकटाईचा पत्रा आत सरकवला. "माजं काय, झालंय. तुजी पोरं अजून शाळंत हायेत."

तेव्हापासून भाजायच्या दिवशी हे असंच चालतं. मी भांडले, नवरा पाया पडला, वायरमननेही सांगून पाहिलं. त्या ऐकत नाहीत. खटका शाबूत आहे, हिरवी वायर शाबूत आहे, रॉड नवा आहे, हे सगळं मला माहीत आहे. तरी त्यांचा हात ओव्हनला टेकून परत येईपर्यंत मी पाटावर उभी असते आणि माझा जीव थाऱ्यावर नसतो.